मामांच्या हातून उपाशी सुटलेली मोरी

अख्ख्या ओमानात आमच्या हिच्या मामांच्या हातून उपाशी सुटलेली एकच जात आहे, आणि ती म्हणजे मोरी. शहरातले लोक तिला शार्क म्हणतात. बाकी माणूस, मांजर, प्लंबर, सरकारी साहेब, कुणाचीही सुटका नाही. आमच्या मस्कतमधल्या अल् खुवैरच्या फ्लॅटमधला नळ गळायला लागला तेव्हा आलेल्या प्लंबरला मामांनी आधी जेवायला बसवलं. बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी, वर दोन वाट्या सोलकढी. तो बिचारा पेशावरचा माणूस, 'बस चाचा, बस' म्हणता म्हणता चौथ्या भाकरीवर आला आणि मग आमच्या सोफ्यावर असा काही आडवा झाला, की नळ पुढे चार दिवस गळतच राहिला. मला ते 'जावयबापू, तुमी' असं म्हणत वाढायला सुरुवात करायचे आणि मी दुसऱ्या तुकडीला नको म्हटलं की थेट 'तू'वर यायचे. लग्नातला माझा कोट आता माझ्या एका दंडालाही पुरत नाही, आणि त्याला सर्वस्वी मामाच जबाबदार आहेत.

मामा वेंगुर्ल्याकडचे, पिढीजात दर्यावर्दी. मस्कतला तीस वर्षं काढली, त्यातली निम्मी डायव्हिंगच्या बोटीवर तांडेल म्हणून. म्हणजे पाठीवर सिलिंडर बांधून मासे आणि पोवळी बघायला आलेल्या हौशी मंडळींना समुद्रात न्यायचं, ती खाली जाऊन येईपर्यंत थांबायचं, आणि मोजून परत आणायचं. गंमत म्हणजे इतक्या वर्षांत स्वतः मामा एकदाही पाण्याखाली डोकावले नाहीत. कुणी गॉगल पुढे केला की म्हणायचे, "ज्येच्या घरचा जेवतंय, तेच्या न्हाणीघरात कित्याक बघूचा?" इंजिन सुरू करण्याआधी पाण्याला हात लावून तो कपाळाला लावायचे. नारळी पौर्णिमेला मत्रह बंदराच्या बाजूला नारळ सोडायचे, तेव्हा शेजारच्या बोटीवरचे ओमानी कोळी अदबीनं आपलं इंजिन बंद करायचे आणि नंतर नारळाच्या वड्यांसाठी हात पुढे करायचे. कंपनी पाहुण्यांना खजूर आणि कहवा द्यायची. मामांना ते पोट भरण्याचं साधन वाटत नसे, म्हणून ते घरून घावणे आणि सुकटाची चटणी न्यायचे. एक जर्मन बाई ती चटणी खाऊन ढसाढसा रडली, डोळे पुसले आणि पुन्हा मागितली. दुसऱ्या वर्षी ती परत आली. पोवळी बघायला आली असं कंपनीचं मत होतं, मामांचं नव्हतं.

आणि असा माणूस एका बादलीवरून अडून बसला!

त्याचं असं झालं, की कंपनीत एक नवा मॅनेजर आला. ठाण्याचा, तरुण, हुशार. त्याच्या लक्षात आलं की पाहुण्यांना शार्क बघायची असते आणि शार्क लाजाळू असते. दहा फेऱ्यांत एकदा दिसणार, तीही पाठमोरी. मग त्यानं ठरवलं, की बोटीवर बादलीभर तारल्या, म्हणजे बारीक मासे, न्यायच्या आणि ठरावीक खडकापाशी पाण्यात टाकायच्या. जगात इतर ठिकाणी असं करतात म्हणे. त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. लोक शार्कला उगाच घाबरतात, एकदा जवळून बघितली की तिच्या प्रेमात पडतात, आणि प्रेमात पडले की तिला वाचवायला उभे राहतात, असं तो तळमळीनं सांगायचा. कंपनीतले निम्मे लोक त्याच्या बाजूचे झाले. उरलेले म्हणाले, माशाला बोटीची सवय लावाल तर एक दिवस कुणाचा तरी हात जाईल. ग्रुपवर एवढी हाणामारी झाली, की दोघेजण लेफ्ट झाले. मामा ग्रुपवर फक्त गणपतीचे फोटो टाकत. त्यांनी तोंडी एवढंच कळवलं, "बालदी माझ्या बोटीर येवची नाय."

मॅनेजरनं शांतपणे सांगितलं, की मग बोटीवर दुसरा तांडेल येईल. इथे नोकरी गेली की व्हिसा गेला. गावी मामांच्या धाकट्या मुलीचं नर्सिंग अजून दोन वर्षांचं बाकी होतं. हे सगळं ठाऊक असल्यामुळे मी जावई असूनही मोठ्या शहाणपणानं त्यांना चार शब्द सुनावले. म्हटलं, "मामा, जन्मभर सगळ्या जगाला जेवू घातलंत. आता बादलीभर मासे पाण्यात टाकायला तुमचं काय जातं?" त्या दिवशी मी दुसऱ्या तुकडीला नको म्हटलं आणि त्यांनी ती मुकाट्यानं परत पातेल्यात ठेवली. मला घास गोड लागला नाही.

दोन दिवसांनी ते इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहिले आणि म्हणाले, राजीनामा इंग्रजीत लिहून दे आणि सोबत चल. मी लिहिला आणि गेलो. ऑफिसात मॅनेजर होता आणि अर्बाब, म्हणजे कंपनीचे ओमानी मालक, होते. पांढरी दाढी, आवाज कधी चढत नाही असा माणूस. बोलणं गल्फातल्या हिंदीत चाललं होतं. मॅनेजरनं मामांना बसायला खुर्ची दिली, पुन्हा एकदा सगळं समजावलं आणि शेवटी मराठीत म्हणाला, "मामा, तुम्ही कोकणातले. तुमच्याकडे मोरीचं मटण करतात. कापून खायला चालते, मग चार मासे खायला घालायला का चालत नाही?"

मला वाटलं, झालं, मामा अडकले. मामांनी खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं आणि सांगायला लागले. अकरा वर्षांपूर्वी त्याच खडकापाशी एक मोरी यायची. पाठीवरच्या पराला अर्धचंद्रासारखी खाच. एकदा मामांनी तिला सुरमईचं डोकं टाकलं. सवयच ती, दारी आलेल्याला काहीतरी द्यायचंच. मग रोजचं झालं. मामांच्या इंजिनाचा आवाज आला की ती हजर. पुढे पुढे ती कुठल्याही इंजिनाच्या आवाजाला यायला लागली. आणि एका सकाळी मत्रहच्या मासळी बाजारात मामांना ओट्यावर ती खाच दिसली. विकणारा कोळी खुशीत सांगत होता, की गळ टाकायचीसुद्धा गरज पडली नाही, स्वतःच बोटीला येऊन चिकटली.

"तेचो काय दोष?" मामा म्हणाले. "तेना पकडल्यान, पण मारलंय मियाच. मोरी पकडून खाल्ली, तर तो धंदो. पण आदी जेवूक बसवचा आणि मगे मारूचा? ह्या माझ्या हातसून एकदा झाला. परत होवचा नाय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे मोरी आणली की मामाच रांधायचे, मामाच वाढायचे, आणि स्वतःच्या पानात कढी-भात घ्यायचे. आम्ही समजत होतो, ॲसिडिटी. अकरा वर्षं त्यांनी तो प्रकार तोंडाला लावला नव्हता आणि आम्ही त्यांना गोळ्यांची नावं सुचवत होतो!

मी मोडक्यातोडक्या हिंदीत अर्बाबना सगळं सांगितलं. त्यांनी टेबलावरचं राजीनाम्याचं पाकीट उचललं, न उघडताच मामांच्या शर्टाच्या खिशात घातलं आणि मॅनेजरला म्हणाले, बादली कुठल्याच बोटीवर चढणार नाही. मग त्यांनी स्वतःच्या हातानं मामांना कहवा ओतला. मामांनी तीन पेले घेतले. आयुष्यात पहिल्यांदा मी मामांना कुणाचा तरी आग्रह सोसताना बघितलं, आणि खरं सांगतो, हा माझा माणूस आहे असं त्या ऑफिसातल्या प्रत्येकाला खांदा हलवून सांगावंसं वाटलं.

मॅनेजर काही चुकीचं बोलला नव्हता. त्या हंगामात दोन मोठे ग्रुप शार्क हमखास दाखवणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे गेले. पण मामांनी आपली रीत चालूच ठेवली. खडकापाशी इंजिन बंद करायचं, गप्प बसायचं, आली तर आली. नाही आली त्या दिवशी पाहुण्यांना दोन घावणे जास्त. मुलगी नर्स झाली आणि मागच्या वर्षी मामा आपल्या मर्जीनं वेंगुर्ल्याला परत गेले. आमचा नळ आता पहिल्या दिवशीच दुरुस्त होतो आणि घर भकास वाटतं.

गेल्या शुक्रवारी मी त्या बोटीवर गेलो. मामांच्या हाताखाली शिकलेला रत्नागिरीचा नवा तांडेल आहे. त्यानं खडकापाशी इंजिन बंद केलं. अर्धा तास झाला, लोक चुळबुळ करायला लागले, आणि मग बोटीच्या अगदी जवळून, काचेसारख्या पाण्यातून एक मोरी गेली. ना थांबली, ना वळली. मी तिथूनच मामांना फोन लावला. म्हटलं, "मामा, आली होती. आमच्याकडे ढुंकूनसुद्धा बघितलं नाही."

पलीकडे पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

"बरा झाला," मामा म्हणाले. "आणि तू जेवलंस काय?"