जवसाच्या तेलातली मोटारसायकल

नागपूरकडून येणारी छोटी गाडी (अरुंद रुळांची आगगाडी) ब्रह्मपुरीला थांबली आणि मी पान्यांची पिशवी घेऊन अक्षरशः उडी मारली. पुण्यात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे आणि जोडीला जुन्या मोटारसायकलींचं वेड आहे. पहिल्यावर घर चालतं, दुसऱ्यावर बायको चिडते. भाताच्या व्यापारासाठी इकडे येणारा माझा मेहुणा सांगत आला होता की एका शेतकऱ्याच्या गोठ्यात लढाईतली लष्करी मोटारसायकल पडून आहे. मग मला कुठली झोप लागते!

शेतकऱ्याचं नाव लटारूभाऊ. साठीचे, उंच, कमी बोलणारे. ते रेंगी (हलकी बैलगाडी) घेऊन स्टेशनावर आले होते. रेंगीला एक बैल उंच आणि एक बुटका, त्यामुळे मी सगळी वाट एका अंगाला कलून बसलो. मोटारस्टँडवर पेट्रोलचा डबा भरून घेतला आणि गावाकडे निघालो. धान कापून झालं होतं, बांध्या (पाणी साठवणारी भाताची शेतं) मोकळ्या पडल्या होत्या आणि पलीकडे जंगलाची काळी रेघ दिसत होती. बैलांची अशी विजोड जोडी का, असं मी विचारलंच. उंच चांद्या आपला, बुटका शेजाऱ्याचा, एवढंच ते म्हणाले.

गोठ्यात शिरलो आणि माझी छाती धडधडायला लागली. चांद्याच्या शेजारच्या खुंट्याला, चक्क दाव्याने बांधून, ती उभी होती. मातकट हिरवी, टाकीवर हळदीचे पिवळे डाग, आणि गंजाचा एक ठिपका नाही! मी हसून म्हटलं, "बांधली कशाला? पळून जाणार होती की काय?" लटारूभाऊ हसले नाहीत.

जेवताना त्यांच्या बायकोने, कौतिकाबाईंनी, सगळं सांगितलं. पानात भात, लाखोळीच्या डाळीचे वडे, जवसाची चटणी. इकडे जवसाच्या तेलातच तळतात. वास पहिल्यांदा नाकात जातो आणि मग जात नाही. त्यांच्या वासुदेवाने, एकुलत्या एका मुलाने, जोडीतला एक बैल विकून ही गाडी आणली होती. बाप भडकला, म्हणाला, हिलेच जुंप आता नांगराले. पोरगा रागात माजरीला कोळशाच्या खाणीत निघून गेला. जाताना एकच सांगून गेला, गाडीतलं तेल सुकू देऊ नका. तीन पोळे झाले, तो आला नव्हता.

"चालू करा," लटारूभाऊ मला म्हणाले. "मंग एकडाव मले तिच्यावर माजरीले न्या. मंग गाडी तुमची. मी पायी गेलो त तो भेटाचा नाई. हिच्यावर गेलो त पाह्यन तरी."

मी म्हटलं, हात्तिच्या, उद्या चालू होते. माझ्या डाव्या हाताचा मळ! दुसऱ्या दिवशी सकाळी किक मारली तर किक हलेना. दोन्ही पायांनी उभा राहिलो, तरी ढिम्म. शेवटी इंजिनाचं डोकं उघडलं आणि बघतच राहिलो. दट्ट्या (इंजिनात खालीवर होणारा भाग) पिवळ्याधमक कडक सायीखाली गच्च बसला होता. नखाने खरवडून वास घेतला. जवस! हे तेल वाळलं की राळेसारखं घट्ट होतं. माझ्या जिभेला हाड नाही. मी ओरडलो, "कोणत्या गाढवाने यात जवसाचं तेल ओतलं?"

लटारूभाऊ चांद्याच्या पाठीवर हात ठेवून उभे होते.

"म्याच," ते म्हणाले. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते, म्हणजे बैलांचे खांदे कोमट तेल-हळदीने शेकतात. जोडी मोडली होती, म्हणून विकलेल्या बैलाच्या जागी त्यांनी गाडीला उभं केलं. दर वर्षी अंगभर तेल चोळलं, आणि पोराने सांगितलं होतं म्हणून प्लगच्या भोकातून आतही घातलं. घरात जे तेल होतं ते. मग त्यांनी विचारलं, "म्याच मारली का जी हिले?"

आता ही गाडी चालू झाली नाही, तर हा माणूस माजरीला जाणार नाही, कधीच नाही, हे मला लख्ख दिसलं. मी रॉकेल ओतलं, वाट पाहिली, ठोकलं. काही नाही. दुपारी चिडून अंगणात बसलो होतो. कौतिकाबाई भाताच्या तुसाच्या धुमसत्या आगीवर पाणी तापवत होत्या. ज्वाळा नाही, भडका नाही, नुसती एकसारखी धग. मी उठलोच! साय थंडीत गोठते, उबेने सुटते. मग राळ का नाही सुटणार? रॉकेल पुसून काढलं, पेट्रोलची टाकी काढून पार परसात ठेवली आणि गरम तुसाची राख घमेल्याघमेल्याने इंजिनाभोवती रचली. लटारूभाऊ न सांगता पळसाच्या पानांनी राख सारखी करू लागले. गाडीची खांदशेकणीच चालली होती म्हणा ना.

उन्हं कलता कलता लाकडी ठोकळा ठेवून मी मोगरी मारली. दट्ट्या केसभर हलला, मग बोटभर, मग सुळकन खाली गेला. आणि आतली भिंत! नव्या भांड्यासारखी लखलखीत. मी लटारूभाऊंचं बोट धरून त्या भिंतीवरून फिरवलं.

"तुम्ही मारली नाही, भाऊ. या गोठ्यात नुसती उभी असती तर गंजून गेली असती आणि देवाच्या बापालाही चालू झाली नसती. तुमच्या तेलाने राखली तिला."

ते पुष्कळ वेळ बोट तिथेच ठेवून उभे राहिले.

ब्रह्मपुरीचे कल्हईवाले करीमभाई यांनी तांब्याच्या पत्र्याची चकती कापून दिली, ती घालून इंजिनाचं डोकं परत बसवलं, टाकी चढवली. किक, किक, शिव्या, पुन्हा किक. आणि मग धडधड! पांढरा धूर कौलांपर्यंत गेला आणि मी गोठ्यातच नाचलो. आत मुरलेलं तेल जळत होतं. शेजारीण कुडावरून डोकावली आणि कौतिकाबाईंना विचारू लागली, "काऊन बाई, सण नाई वार नाई, वडे काऊन तळून राह्यल्या?"

सकाळी निघालो. मागच्या कॅरिअरवर पोतं घडी घालून लटारूभाऊ बसले, दोन्ही हातांनी माझी कंबर आवळून. नागभीड मागे पडलं आणि साग-बांबूचं जंगल सुरू झालं. थंड वारा, लाल धूळ, चढावर गाडी कुंथायची आणि लटारूभाऊ मागून तोंडाने टक्-टक् करून तिला हाकायचे. एका नाल्यात ती फसकन बंद पडली. त्यांच्या धोतराच्या सोग्याने प्लग पुसला, उन्हात धरला, पुन्हा धडधड. मी इतका खूश होतो की मोठ्याने गात होतो, आणि माझं गाणं ऐकून वानरं झाडांच्या शेंड्यांवर गेली.

माजरीला रस्ता काळा झाला, झाडंही काळी. मजुरांच्या चाळींसमोर मी गाडी उभी केली आणि लटारूभाऊंनी माझा खांदा धरला. "परत फिरवा जी. तो नाई बोलाचा माह्यासंगं." मी काही ऐकलं नाही. इंजिन मुद्दाम चालूच ठेवलं.

आवाजाला पोरंटोरं जमली, बायका दारात आल्या. आणि एका दारातून कोळशाने काळा झालेला जवान गडी बाहेर आला. तो गाडीकडे बघत नव्हता. नाक वर करून वास घेत होता.

"जवस जळून राह्यला," तो म्हणाला. मग त्याला बाप दिसला. "बाबा, काय घातलं तुमी यात?"

"तूच त म्हणला होता, तेल सुकू देऊ नका."

वासुदेवाने टाकीवरच्या हळदीच्या डागांवर हात फिरवला. "हे काय?"

"पोळ्याले उभी करत होतो चांद्याच्या बाजूले. जोडी मोडली होती ना बा."

तो खाली बसला आणि एवढ्या लोकांसमोर ढसाढसा रडला. मी इंजिन बंद केलं. मलाही नाक शिंकरावं लागलं, कोळशाची धूळ फार हो तिथे.

दुसऱ्या दिवशी माजरी स्टेशनात गाडी सामानाच्या डब्यात चढवली. वासुदेवानेच चढवली, आणि बापाला घेऊन तो लगेच गावाकडे निघणार होता. पोळ्याच्या आधी बैल पाहायचा, एवढं दोघांचं ठरलं होतं. लटारूभाऊंनी हँडलला अजून लोंबणारं दावं सोडून खांद्यावर टाकलं. "जनावर देतात जी," ते म्हणाले, "दावं नाई देत."

पुण्यात आलो. बायको अजून चिडते. गाडी घाटात तापली की मागचे सायकलवाले नाक वर करून कोणाचे वडे तळताहेत ते शोधतात. यंदाच्या पोळ्याला मेहुणा तिकडेच होता. लटारूभाऊंच्या दारी दोन बैल होते, सारख्या उंचीचे, आणि तोरणाखाली जोडी वासुदेवाने नेली. माझ्याकडे बैल नाही, गोठा नाही. तरी आदल्या दिवशी मी वाटीत हळद आणि जवसाचं तेल कोमट केलं आणि गाडीचे खांदे शेकले. पण बाहेरूनच.