शून्याचं टोक धरणारी मावशी

तुमच्या मनगटावर ते घड्याळ आहे ना, पळताना अंतर सांगणारं? त्याला कधी विचारलंय का, की बाबा रे, तू मोजतोस कशानं? नाही ना? मीही नव्हतं विचारलं. न विचारताच त्याच्या जिवावर चाळीस माणसं गोळा केली आणि एका बाईच्या दारात जाऊन बोंब ठोकली.

तिला सगळे मावशी म्हणायचे, पाठीमागे टेपमावशी. रस्ते खात्यात तिनं एकतीस वर्षं एकच काम केलं. पोलादी टेपचं शून्याचं टोक धरायचं. नवरा त्याच खात्यात रोलर चालवायचा. तो गेला, त्याच्या जागी हिला घेतलं आणि हातात टेपचं टोक दिलं. दुसऱ्या टोकाला साहेब. ते चष्मा सावरून आकडा वाचणार, वहीत लिहिणार, सही करणार. ही इकडे उकिडवी बसून अंगठ्यानं शून्य दाबून धरणार, मग ऊन असो की धूळ, की मागून ट्रकवाला शिव्या घालत असो.

"वाचणारा चुकला तर पुन्हा वाचतो," ती म्हणायची. "धरणारी हलली तर कुणाला कळतच नाही. सगळं बिनबोभाट चुकतं."

शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. आकडे टेपवर शिकली, अक्षरं नंतर, दुकानांच्या पाट्यांवरून. मीही तसाच, मोर्च्यांच्या फलकांवर लिहायला शिकलेला. म्हणून आमचं जमलं असं लिहायला मला आवडलं असतं, पण आमची सुरुवात भांडणानं झाली.

ती निवृत्त झाली तेव्हा धावण्याच्या मंडळाला शर्यतीचा मार्ग मोजणारं माणूस हवं होतं. साहेब लोकांनी हात झटकले, कारण हे काम सायकलवर बसून करायचं असतं. मावशी सायकलवर बसली. तिच्या घरी मी पुढे अनेकदा गेलो. एकच खोली. खाटेच्या पायथ्याशी सायकल होती म्हणायची पद्धत आहे, पण तिथे सायकलीच्या पायथ्याशी खाट होती, कारण खोलीत मान सायकलीचा. टेप तेलाच्या फडक्यात गुंडाळून खिडकीशी टांगलेली, शेगडीपासून लांब.

"पोलाद तापलं की लांब होतं," ती मला म्हणाली होती, "आणि माणूस तापला की आखूड."

टोमणा कुणाला होता ते मला कळलं होतं.

आता ती मोजायची कशी, ते सांगतो. जुन्या गोदामामागे एक सरळ रस्ता आहे. तिथे तिनं पोलादी टेपनं तीनशे मीटर मोजून दोन्ही टोकांना खिळे ठोकले होते. सायकलच्या पुढच्या चाकाला आकडे मोजणारा एक छोटा डबा. सकाळी आधी या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत चार वेळा जायचं. तीनशे मीटरला डब्यात किती आकडे पडतात ते लिहायचं. मग शर्यतीचा अख्खा मार्ग फुटपाथच्या कडेपासून एक वीत सोडून, वळणावर आतली बाजू धरून, म्हणजे जास्तीत जास्त जवळच्या वाटेनं चालवायचा. मग परत गोदामामागे येऊन पुन्हा चार वेळा.

"परत कशाला?" मी विचारलं होतं.

"सकाळी तीन हजार तीनशे एक्क्याऐंशी आकडे पडले. आता बघ, अठ्ठ्याहत्तर. ऊन लागलं, टायर फुगलं, चाक मोठं झालं. आपलं मापसुद्धा आपल्याच हातात दिवसभर तसंच राहत नाही रे बाबा. म्हणून त्यालाच आधी मोजायचं."

आणि शेवटी दर किलोमीटरला एक मीटर जास्तीचा धरायचा. दहा किलोमीटरला दहा मीटर. का? "कुणाच्या वाट्याला कमी येऊ नये म्हणून." जगात बाकी सगळीकडे वजनकाटा दुकानदाराच्या बाजूला झुकतो. तिचा घेणाऱ्याच्या बाजूला होता.

तर भांडण. रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांनी मला पळायला लावलं. ("भाषणं कमी करा" हेही सांगितलं होतं, ते जमलं नाही.) वर्षभर पळून मी दहा किलोमीटरच्या शर्यतीत उतरलो. साठ मिनिटांच्या आत यायचं हा पण. शेवटची रेघ ओलांडली तेव्हा वर लटकवलेल्या मोठ्या घड्याळात साठ मिनिटं चाळीस सेकंद. आणि मनगटावर? दहा किलोमीटर बारा दशांश, नाही, चुकलो, दहा पूर्णांक बारा शतांश किलोमीटर. म्हणजे एकशेवीस मीटर जास्त पळवलं! माझ्या घड्याळाप्रमाणे दहा किलोमीटर एकोणसाठ मिनिटं सत्तावन्न सेकंदांत झाले होते. तीन सेकंद राखून! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्याच दिवशी माझी भाची बायकांत पहिली आली होती. बहिणीची पोरगी, एकोणीस वर्षांची, वाऱ्यासारखी. सरावकेंद्रात निवड व्हायला जी वेळ लागत होती त्या वेळेच्या आत ती पाच सेकंदांनी आली होती. बहीण रस्त्यात रडत होती आनंदानं. मी तिला म्हटलं, "थांब, हिची वेळ अजून चांगली निघेल. मार्गच लांब आहे!"

तिथल्या तिथे घड्याळं गोळा केली. कुणाचं दहा पूर्णांक आठ शतांश, कुणाचं पंधरा, कुणाचं तर वीस. एकाचंही कमी नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला? चाळीस सह्यांचा कागद घेऊन मी मंडळाच्या सचिवांकडे गेलो आणि तिथून सगळा लोंढा घेऊन मावशीच्या दारात.

ती चाकात हवा भरत होती. पंप थांबवला नाही.

"चाळीस घड्याळं खोटी आणि तुमची एक सायकल खरी?" मी ओरडलो.

"चाळीस घड्याळांचे आकडे एकसारखे आहेत का?"

"नाही, पण—"

"मग त्यातलं खरं कुठलं ते तुम्ही आपसात ठरवा. ठरलं की या."

मागे कुणीतरी हसलं. माझ्याच माणसांपैकी.

सचिव घाबरट पण सज्जन गृहस्थ. ते म्हणाले, "मावशी, लोकांचं समाधान व्हायला हवं. नाहीतर पुढच्या वर्षी समिती म्हणेल, सायकल नको, घड्याळानंच मोजा." तेव्हा मात्र पंप थांबला. दरवर्षी मार्गाच्या दाखल्यावर खाली 'मोजणार' म्हणून तिची सही असायची. एकतीस वर्षं दुसऱ्याच्या सह्या पाहिलेल्या बाईची सही. तीच सही जाणार होती.

"रविवारी सकाळी परत मोजते," ती म्हणाली. माझ्याकडे बोट केलं. "हा माझ्या मागून येईल. दोन्ही हातांत घड्याळ घालून."

दुसरं घड्याळ मी भाचीचं घेतलं. रविवारी उजाडताना गोदामामागे पोचलो. तिचे चार फेरे झाले. मग तिनं मला उड्डाणपुलाखाली नेऊन उभं केलं. "घड्याळ चालू कर आणि दहा मिनिटं हलू नकोस." मी बुजगावण्यासारखा उभा. दहा मिनिटांनी डाव्या हातातलं घड्याळ म्हणालं, मी साठ मीटर चाललो. उजव्या हातातलं म्हणालं, पंचवीस.

"उभ्या जागी साठ मीटर!" मावशी म्हणाली. "आमच्या खात्यात तुला बढती मिळाली असती."

मग समजावलं, तेही हसत हसतच. घड्याळ वर आकाशातल्या उपग्रहांना विचारतं, मी कुठे आहे? उत्तर येतं ते दोन-चार हात इकडेतिकडे. पूल असला, उंच इमारती असल्या तर जास्तच. घड्याळ त्या ठिपक्यांना दोरी बांधत जातं. वाकडीतिकडी दोरी सरळ दोरीपेक्षा लांबच भरते. वर तुम्ही पळता कसे? पाण्यासाठी उजवीकडे, सावलीसाठी डावीकडे, वळणावर बाहेरून. "तू जास्त पळालास हे खरं असेलही," ती म्हणाली. "म्हणून रस्ता लांब झाला का?"

मी न भांडता दोन्ही घड्याळं काढून खिशात टाकली. मला ओळखणाऱ्यांना ही ओळ खोटी वाटेल.

सायकली निघाल्या. ती पुढे, मी मागे, सचिव स्कूटरवर. बर्फाच्या कारखान्यापाशी मार्ग वळून परत येतो. तिथे फुटपाथच्या कडेला तिचा खिळा, भोवती पिवळा रंग. ती खिळ्याशी थांबली, आकडा लिहिला आणि वळू लागली.

आणि मी, शहाणा, बोललो. "मावशी, आम्ही इथे नाही वळलो. आम्ही अलीकडेच वळलो, रंगाच्या दुकानासमोर. वळायच्या खुणेचा ड्रम तिथे होता."

"नक्की?"

"त्या ड्रमला माझी कोपर लागली. अजून सोललेली आहे. ही बघा."

ती सायकल हातात धरून मागे चालत आली. रंगाच्या दुकानासमोर डांबरावर चुन्याचं एक अर्धवट गोल वळं होतं, ड्रमाच्या बुडाचं. कारखान्याचा दरवान बाहेर आला. त्यानं सरळ सांगून टाकलं, "बर्फाची गाडी बाहेर काढायची होती पहाटे. ड्रम मीच सरकवला. परत ठेवायचा राहिला."

मावशीनं पिशवीतून टेप काढली. मला म्हणाली, "वाच." आणि स्वतः शून्य घेऊन खिळ्यापाशी उकिडवी बसली.

मी वाचलं. तेवीस मीटर. जाताना तेवीस, येताना तेवीस. शेहेचाळीस. त्यातून तिचे वरचे दहा वजा. शर्यत छत्तीस मीटर कमी पळवली गेली होती.

चाळीस घड्याळं लांब लांब म्हणून ओरडत होती, आणि मार्ग आखूड होता.

छत्तीस मीटर भाचीला किती सेकंदांचे? हिशेब मला तिथेच उभ्या उभ्या आला. जवळजवळ आठ. आणि तिच्या हातात होते पाच.

सचिवांनी इकडेतिकडे पाहिलं. "मावशी," ते हळूच म्हणाले, "लोक म्हणतायत लांब आहे. आपण म्हणू, बरोबर आहे. सगळे गप्प बसतील. तुमचं नाव राहील, पोरीचं काम होईल. चूक तुमची नाहीच."

खरं सांगतो, मी मान हलवली. आयुष्यभर अधिकाऱ्यांच्या खोट्या मोजमापांविरुद्ध रस्त्यावर बसलेला मी, फुटपाथच्या कडेला उभा राहून मान हलवत होतो. "मावशी, पोरगी आहे माझी," एवढंच म्हणालो.

तिनं टेप पुसत पुसत गुंडाळली, पुरी तेवीस मीटर.

"मी वळणावर माणूस उभा करायला हवा होता," ती म्हणाली. "नाही केला. शून्य हललं ते माझ्याकडून." आणि वहीत लिहिलं: मार्ग बरोबर, ड्रम चुकीचा, छत्तीस मीटर कमी, वेळा धरू नयेत. खाली सही. जाड, पाटीवरच्या अक्षरांसारखी.

तिनं सायकल उचलली आणि उरलेला मार्ग मोजला. गोदामामागचे शेवटचे चार फेरेसुद्धा चुकवले नाहीत. मला तेव्हा राग आला होता त्या चार फेऱ्यांचा.

भाचीला मीच सांगायचं ठरलं. मी गोल गोल बोलत राहिलो, दरवान, ड्रम, बर्फ. ती ऐकून म्हणाली, "मामा, मावशीनं निदान मोजलं. तू फक्त ओरडलास." आणि दुसऱ्या दिवशी ती मावशीच्या खोलीवर गेली, माझ्याकडे मात्र वर्षभर आली नाही. बहीणही बोलेना. आपल्याच पायावर धोंडा. वर माझी वेळ साठ मिनिटं त्रेपन्न सेकंद भरायला हवी होती, ते वेगळंच.

त्या वर्षी तिची निवड हुकली. पुढच्या शर्यतीच्या पहाटे वळणावर ड्रमच्या शेजारी मावशी स्वतः स्टूल टाकून बसली होती. ड्रम तिनं साखळीनं खांबाला बांधलेला. पोरगी वळली तेव्हा म्हणे मावशी एवढंच ओरडली, "पूर्ण आहे गं! पळ!" दोन सेकंद राखून आली. त्या दोन सेकंदांवर कुणाला बोट ठेवता आलं नाही. आता ती शाळेत खेळ शिकवते.

मावशीची सही दाखल्यावर राहिली. समितीत एक जण म्हणाला होता, जी बाई स्वतःविरुद्ध लिहिते तिला काढून ठेवायचं कुणाला? आणखी नऊ वर्षं तिनं मोजलं. शेवटची दोन वर्षं गुडघे बोलायला लागले, तेव्हा सायकल भाची चालवायची, मी दुसऱ्या सायकलवर मागून यायचो आणि मावशी सचिवांच्या स्कूटरवर मागे बसून दोघांना शिव्या घालायची. "एक वीत! ही वीत आहे का हात आहे?" त्या रविवारच्या सकाळी, रिकामे रस्ते, बंद दुकानं, पुढच्या चाकाचा तो बारीक टकटक आवाज. माझ्या आयुष्यात इतकी शांतता दुसऱ्या कुठल्या कामात नव्हती. मी आयुष्यात पुष्कळ भांडणं जिंकलो. आठवण येते ती या हरलेल्या भांडणाची.

मावशीला जाऊन दोन वर्षं झाली. सायकल भाचीकडे आहे. टेप माझ्याकडे, खिडकीशी, शेगडीपासून लांब.

आणि आता गोदामामागचा तो रस्ता खणणार आहेत. नवं गटार, नवा फुटपाथ. मी विरोध केलेला नाही. गटार हवंच आहे, मीच आठ वर्षं मागत होतो. पण ते दोन खिळे जातील, आणि त्यांच्याबरोबर या गावातलं एकुलतं एक खरं तीनशे मीटर. ते जाण्याआधी तळ्याकाठच्या रस्त्यावर दुसरं मोजून नवे खिळे ठोकायचे आहेत. पोलादी टेप तीस मीटरची आहे, दहा वेळा टाकावी लागेल. ओढायला माणूस लागतो, गाड्या थांबवायला लागतो, खडूनं खूण करायला लागतो. वाचायला भाची आहे. पण मी आता साठीचा, उकिडवं बसलो की हात थरथरतो, आणि थरथरणाऱ्या हाताला ते काम द्यायचं नाही हे मला शिकवलेलं आहे.

म्हणून तुम्हाला सांगतो. येत्या रविवारी सकाळी सहाला तळ्याकाठी या. घड्याळ घातलंत तरी चालेल, फक्त त्याच्याकडे बघू नका. उकिडवे बसा, अंगठा घट्ट दाबा, आणि मी "झालं" म्हणेपर्यंत शून्याचं टोक धरून ठेवा.