सोफ्याला मॅचिंग पुस्तकं

मंडळी, आज खरवईला नवऱ्याच्या साहेबांच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. हॉलमध्ये भिंतभर पुस्तकं बघून मी हरखले आणि एक काढायला गेले.

साहेबीणबाई ओरडल्या, "अहो, चिकटवलीत ती! इंटिरिअरवाल्याने सोफ्याला मॅचिंग लावलीत."

"वाचायची कशी मग?"

"वाचतंय कोण?" त्या हसल्या.

एवढा मोठा फ्लॅट आणि इतका भिकारपणा! किळस आली मला. न जेवताच निघाले आणि तडक अंबरनाथला बुवापाड्यात शेवंतामावशीकडे गेले. कंपनीत पॅकिंग करणाऱ्या या आमच्या माहेरच्या शेजारणीने लहानपणी मला आपली सगळी पुस्तकं वाचायला दिली. आज पहिल्यांदा तिचे आभार मानले.

मावशी म्हणाली, "आभार राहू दे गं. नेलेली दोन पुस्तकं आधी आणून दे."

तुम्हाला वाचायला कोणी लावलं? त्यांना कधी सांगितलंत?