जोतिबा मरगळेचा अर्ज मी कसा बिघडवला

सरपंच झाल्यावर पहिल्याच वर्षी मी गावभर इतक्या फ्लेक्सवर झळकलो, की बायकोला माझा चेहरा घरापेक्षा चौकातच जास्त दिसायचा. माणूस कामाचा आहे असं लोकांना वाटावं, एवढं एकच काम मी मन लावून केलं होतं. त्यामुळे चौथ्या वर्षी जोतिबा मरगळे फाइल घेऊन माझ्या दारात आला, यात त्याची काही चूक नव्हती.

जोतिबा कासारसाई धरणाच्या अंगाला आमच्या धनगरवस्तीवर राहतो. फौजेतून निवृत्त झालेला, अंगानं काटक, बोलायला कमी. दिवसा भूगावच्या एका सोसायटीच्या गेटवर उभा असतो. मेंढरं त्याची बायको चिमाबाई सांभाळते. तो बोलत होता तेव्हा माझा फोन वाजत होता, आणि फोन हे माझं खरं दुखणं. दोन कॉलच्या मधे मला एवढंच कळलं, की कारगिलच्या लढाईत कमरेला जखम झाली आणि जखमी सैनिकाचं पदक काही मिळालं नाही. तीन अर्ज परत आलेत, आमदारसाहेबांच्या कानावर घाला, एवढंच त्याचं म्हणणं.

"झालं म्हणून समज," मी म्हणालो. त्याची फाइल मी उघडलीसुद्धा नाही.

पत्र लिहायला मात्र उत्साहानं बसलो. गावच्या सत्कारांत भाषणं ठोकून माझा हात मोकळा झालेला. जोतिबानं एकट्यानं शत्रूच्या बंकरवर झेप घेतली, पाच जणांना लोळवलं आणि रक्तबंबाळ अवस्थेत तिरंगा रोवला, असं मी लिहिलं. लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला. रत्नाबाईला, म्हणजे मंडळींना, वाचून दाखवलं. तिनं भाजी निवडता निवडता विचारलं, "तुमी व्हता का तितं?"

सरकारला जोरात हाक मारल्याशिवाय जाग येत नाही, असं मी तिला समजावलं. आमदारांच्या सहायकानं माझाच मजकूर साहेबांच्या लेटरहेडवर उतरवून दिल्लीला धाडला. मी चौकात जोतिबाच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लावला. त्यावर माझा फोटो त्याच्यापेक्षा मोठा आला, पण ती छापणाऱ्याची चूक, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. फोटो मीच निवडून दिला होता.

पाच महिन्यांनी उत्तर आलं. पत्रात लिहिलेली घटना नोंदीत नाही, सदर जवान खेचरांच्या तुकडीत होता, खोटी माहिती देऊन पदक मागणं गंभीर आहे, प्रकरण बंद. आधीच्या तीन अर्जांत जोतिबाला नुसता नकार मिळाला होता. माझ्या कृपेनं तो खोटारडाही ठरला.

ते पत्र दोन दिवस मी खिशात घेऊन हिंडलो. तिसऱ्या दिवशी वस्तीवर गेलो. तो एका मेंढीचा खूर साफ करत होता. हात धोतराला पुसून त्यानं पत्र वाचलं, घडी घातली. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

"सरपंच, म्या कुणाला मारलं न्हाई," तो म्हणाला. "खेचरं हाकायचो. त्येवढंच लिवायचं व्हतं."

त्या दिवशी मी फोन बंद केला आणि पहिल्यांदा ऐकलं. मेंढरांना कंटाळून जोतिबा एकोणिसाव्या वर्षी फौजेत पळाला, तर तिथल्या साहेबांनी धनगराचा म्हणून जनावरांतच घातला. लढाईत दारूगोळा वर पोचवताना वाटेवर तोफगोळा पडला. मोती नावाचं त्याचं खेचर जागच्या जागी गेलं. गोळ्याच्या लोखंडाची कपची जोतिबाच्या कमरेत घुसली. मागचं खेचर बिथरलं होतं. त्याला चुचकारत तो वर ठाण्यापर्यंत गेला, माल उतरवून दिला आणि मग पडला. इस्पितळात गर्दी. कुणीतरी घाईत कागदावर लिहिलं, खेचराच्या लाथेनं दुखापत. लाथेला पदक नसतं.

"पदकाचं ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "पर मोतीनं लाथ मारली असं लिवलंय. त्ये मरून पडलं व्हतं, आन् आळ त्येच्यावर. त्येवढं खोडाय पायजे."

मी घरी येऊन पुन्हा लिहायला बसलो. यावेळी पहिल्या ओळीत लिहायचं होतं, की बंकर, पाच माणसं आणि तिरंगा हे सगळं माझ्या डोक्यातलं, जवानाचं नव्हे. ती एक ओळ लिहायला मला पूर्ण सकाळ लागली. खाली जोतिबा बोलला तसं जसंच्या तसं उतरवलं. रत्नाबाईनं वाचलं आणि चहा ठेवला. पौडला एक्स-रे काढला, त्यात कमरेत ज्वारीच्या दाण्याएवढं लोखंड अजून दिसत होतं. तो जोडून आम्ही खासदारांच्या कार्यालयात दिला.

मधल्या काळात माझी मुदत संपली, निवडणुकीत पडलो. पाच वर्षं ज्यांनी मला खुर्ची दिली, ते आता नाव विचारू लागले. खेपा मात्र चालू ठेवल्या. एक तर चूक माझी होती, आणि दुसरं म्हणजे मला आता दुसरं कामही नव्हतं.

वर्षानं उत्तर आलं. नोंद दुरुस्त झाली होती: शत्रूच्या तोफमाऱ्यात जखमी. पदकासाठी वेगळा अर्ज करावा, विचार होईल. जोतिबानं ती नोंदीची ओळ चिमाबाईला दोनदा वाचून दाखवली. ती म्हणाली, "बरं झालं," आणि डोळ्याला पदर लावला. मी उगाच मेंढरं मोजू लागलो.

आता तो वेगळा अर्ज चालू आहे. मागच्या मंगळवारी आम्ही दोघं खासदारांच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसलो होतो. नव्या सहायकानं फौजी कोण विचारलं, जोतिबानं हात वर केला.

"आणि तुम्ही?"

मी 'माजी सरपंच' म्हणायला घसा साफ केला, तेवढ्यात जोतिबाच बोलला, "ह्ये माजं अर्ज लिवत्यात. आता बरं लिवत्यात."

सहायकानं वहीत तसंच टिपलं. मी दुरुस्ती सुचवली नाही.