करुणाचं इरकली लुगडं

बारामतीतल्या आमच्या गल्लीत बोहारीण यायची ती दुपारची, बायका भांडी घासून मोकळ्या झाल्या की. जुने कपडे द्यायचे आणि स्टीलचा डबा नाहीतर पातेलं घ्यायचं, हा तिचा व्यवहार. त्र्याण्णव साली दिवाळीच्या आधी आमच्या शेजारच्या करुणा अहिवळेनं तो उलटा केला. बोहारणीच्या गाठोड्यातून डाळिंबी रंगाचं एक इरकली लुगडं डोकावत होतं. करुणानं ते ओढून काढलं, उन्हात धरून बघितलं आणि घरातली कोरी कळशी आणून बोहारणीपुढं ठेवली. बोहारीण घाईघाईनं गाठोडं बांधून निघून गेली. न जाणो, हिचं मन बदलायचं.

करुणाची आई कुशाबाई दारात उभी होती. "जग लुगडी देऊन भांडी घेतंय," ती म्हणाली, "आन् आमची लेक भांडं देऊन लुगडं घेती!"

करुणा तेव्हा तिशीला आली होती. टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती. वडील वारले होते, भाऊ समाधान पिंपरीला कंपनीत होता. घरात मायलेकी दोघीच. चौकाचौकांत एसटीडीचे बूथ उघडले होते. लोक आपले आपण नंबर फिरवत होते आणि करुणाच्या बोर्डावर तासन् तास एकही ट्रंक कॉल येत नव्हता. पूर्वी कितीतरी माणसं तिला आवाजावरून ओळखू यायची. "ताई, लेकीला मुलगा झालाय, तेवढा मुंबईचा लवकर लावा," असं कुणी म्हणायचं, आणि फोन जोडून दिल्यावर ती पेढे मागायची. ते आवाज बंद झाले. आपल्या हातून काहीतरी सुटत चाललंय असं तिला वाटायला लागलं, पण काय ते नीट सांगता यायचं नाही.

लुगडं आणलं, पण नेसता येईना. "आई, शिकव की."

"मला न्हाय येत," कुशाबाई म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

मग करुणा मंडईतल्या धोंडाबाईकडं गेली. धोंडाबाई मेथीच्या जुड्या विकायची. तिनं करुणाला पोत्यांच्या आडोशाला नेऊन काष्टा घालायला शिकवलं. पहिल्या दिवशी ऑफिसला जाताना करुणाच्या निऱ्या सुटल्या. दुसऱ्या दिवशी सुटल्या नाहीत. काष्टा घातलेली बाई लूनावर बसून भरधाव चाललेली बघून लोक थांबायचे. ऑफिसातले विचारायचे, "मॅडम, आज कुठल्या नाटकाचा प्रयोग?" ती हसून म्हणायची, "रोजचाच आहे, तिकीट नाही."

नुसतं लुगडं नव्हतं. मिक्सर तिनं माळ्यावर टाकला आणि पाटा-वरवंटा खाली काढला. पितळी तांब्या चिंचेनं घासून लखलखीत केला. घरात कुणी आलं की आधी टीव्ही बंद. मग तांब्याभर पाणी आणि वाटीत गूळ. त्या दिवसांत आम्ही सगळ्या मालिका बघता बघताच पाहुण्यांशी बोलायचो, तिच्या घरी मात्र माणूस समोर बसवून बोलायचं. निघालेल्याला ती कोपऱ्यापर्यंत पोचवायला यायची, दुरून आलेला असेल तर थेट एसटी स्टँडपर्यंत. मला तिचा हा नाद आवडायचा. तिच्या घरून परतताना मी कुणीतरी महत्त्वाची बाई आहे असं वाटायचं.

कुशाबाईला मात्र यातलं काही सोसत नव्हतं. एका संध्याकाळी मी तिथंच होते. पाणी देऊन करुणा म्हणाली, "जुन्या काळी किती रीत होती माणसांत. आल्यागेल्याला गूळपाणी, ओटीवर बसवणं..."

"कुणाच्या ओटीवर?" कुशाबाईनं विचारलं.

करुणानं गुळाची वाटी खाली ठेवली.

"आमच्या हातचं पानी कोण पीत हुतं गं? गूळ ठिवून वाट बघितली आस्ती तर मुंग्यांनी खाल्ला आस्ता. आन् ह्ये लुगडं. तुला वाटतं मला नेसाय येत न्हाय? गावात आमच्या बायांनी गुडघ्याच्या खाली लुगडं सोडलं की वरच्या आळीची माणसं आडवी यायची. 'लई पायघोळ झाली गं,' म्हणायची. माझ्या आयला तसंच आखूड नेसून मरताना बघितलंय मी. छप्पन सालच्या दीक्षेनंतर आमी ते सोडलं. बारामतीला आले तवा गोल साडी घेतली आन् सुटले. आन् तू कळशी देऊन तेच घरात आणलंस."

पुढचं मला कुशाबाईनं नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी करुणा आईजवळ बसली आणि म्हणाली, "मला हे माहीत नव्हतं, आई. पण तुला कुणी दिलं नाही, म्हणून मी देऊ नये का? आता पितात की लोक आपल्या हातचं."

"पितात," कुशाबाई म्हणाली. पण लुगड्याकडं ती बघायची नाही.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात करुणाला स्थळ आलं. मुलगा बुद्धघोष, इंदापूरला वीज मंडळात इंजिनिअर. त्याचे चुलते बापूसाहेब त्याला घेऊन आले. कुशाबाईनं फार विनवलं, पण करुणा इरकली नेसूनच बाहेर आली. बापूसाहेबांचा चेहरा पडला. बुद्धघोषनं गुळाचा खडा तोंडात टाकला, घटाघट पाणी प्याला आणि म्हणाला, "असं पाणी बऱ्याच दिवसांत प्यालो नाही. आणखी मिळेल का?"

तो पुन्हा आला, एकटाच. मग दर रविवारी यायला लागला. दोघं कालव्याच्या कडेनं चालत जायची. परत येताना करुणाच्या चेहऱ्यावर असं काही असायचं की कुशाबाई देखील लुगड्याचं विसरून जायची. आम्ही गल्लीतल्या बायकांनी तर तारीखसुद्धा ठरवून टाकली होती.

पावसाळा संपत आला तेव्हा बुद्धघोषची वाशीला बदली होणार असं कळलं. कालव्यावर तो तिला म्हणाला, "तिथं कॉलनी आहे, ऑफिसातली माणसं आहेत. सणासुदीला नेसा हो, पण रोज? आपल्या लोकांनी पुढं यायला किती सोसलंय. तुम्ही मागं का बघता?"

"मला मागं जायचं नाही," करुणा म्हणाली. "मला हे पुढं न्यायचंय."

"मला कळतं. चार लोकांना कसं कळणार?"

"चार लोकांना मी पाणी देईन, बसवीन. कळेल त्यांना."

तो हसला, पण नंतरच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

करुणा दारातल्या पायरीवर बसून राहायची. गल्लीत स्कूटरचा आवाज आला की मान वर करायची. दिवाळी झाली आणि एका सकाळी ती निळी पॉलिस्टरची गोल साडी नेसून बाहेर पडली. मी विचारलं, "कुठं?" ती म्हणाली, "इंदापूर. सांगून येते त्यांना, साडीपायी माणूस कशाला सोडायचा?" तिचा आवाज हलका होता. लुगडं तिनं ट्रंकेत ठेवून दिलं होतं.

एसटी निमगाव केतकीला बाजारात अडकली, तेव्हा ती खिडकीतून बघत बसली. काय बोलायचं ते मनात घोळवत होती, असं तिनंच मला पुढं सांगितलं. इंदापूरच्या ऑफिसात पोचली तर टेबलावर पेढ्यांचा पुडा उघडा होता. बुद्धघोषची सुपारी फुटली होती, मोरगावकडची मुलगी. तो तिला बघून उभा राहिला.

तिनंच पेढा उचलला. "अभिनंदन," ती म्हणाली. "वाशीला जाताना उन्हाचं निघू नका."

तो तिला गेटपर्यंत पोचवायला आला. ही रीत तो तिच्याकडूनच शिकला होता. गेटाशी म्हणाला, "तुम्ही आज साडीत आलात."

"हो," ती म्हणाली, आणि रस्ता ओलांडून गेली.

त्यानंतर बरेच दिवस ती गोल साडीतच दिसायची. पाणी द्यायची, पण टीव्ही चालूच असायचा. लूना हळू चालवायची. मी काही विचारलं की "बरं आहे" म्हणायची. मग चौदा एप्रिलच्या सकाळी, आमची सगळी वस्ती पांढरे कपडे घालून विहाराकडं निघत होती, तेव्हा कुशाबाईनं ट्रंक उघडली.

"हितं उभी ऱ्हा," ती लेकीला म्हणाली.

"नको आई."

"उभी ऱ्हा म्हणते ना."

म्हातारी गुडघ्यांवर बसली. धोंडाबाईनं शिकवलं होतं तसं नाही, तिनं निऱ्या लांब सोडल्या, पार घोट्यापर्यंत, पायाची बोटं तेवढी दिसतील अशा. एकेक निरी बोटांनी दाबून बसवली. हात एकदाही चुकले नाहीत. काष्टा खोचून झाल्यावर ती लेकीच्या पायाशी तशीच बसून राहिली आणि म्हणाली, "आसं नेसायचं हुतं मला. लई वाटायचं."

त्या दिवशी मायलेकी हात धरून विहारात गेल्या. कुणी हसलं नाही. हसलं असेल तर त्यांना दिसलं नाही.

शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमारास ट्रंक कॉलचा बोर्डच निघाला आणि करुणाची बिलाच्या काउंटरला बदली झाली. तिनं लग्न केलं नाही. स्थळं आली, तिनं एकदोघांना गूळपाणी देऊन प्रेमानं परत पाठवलं. गल्लीतल्या मुली गॅदरिंगला नऊवारी नेसवून घ्यायला तिच्याकडं यायच्या आणि ती प्रत्येकीच्या निऱ्या घोट्यापर्यंत सोडायची.

नव्व्याण्णव साली उन्हाळ्यात बुद्धघोष बायको आणि लहान लेकीला घेऊन बारामतीत कुणाच्या तरी लग्नाला आला होता. बाजारात गाठ पडली. करुणा त्यांना घरी घेऊन आली. मीही पोहे करू लागायला गेले. त्याची बायको मोनाली मोकळ्या स्वभावाची होती, तिनं करुणाच्या लुगड्याचा पदर हातात घेऊन बघितला. लेकीला सगळे छकुली म्हणत, ती करुणाच्या मांडीवरून उतरेचना. बुद्धघोष पाणी प्याला, भिंतीकडं बघत राहिला, आणखी मागितलं नाही.

करुणा त्यांना स्टँडपर्यंत पोचवायला गेली. गाडी फाटकातून वळून दिसेनाशी झाली तरी फलाटाशी उभी होती, असं तिथल्या रसवंतीवाल्यानं मला सांगितलं. परत आली तेव्हा ऊन कलत होतं. कुशाबाई तांदूळ निवडत होती.

"गेली?" तिनं विचारलं.

"गेली."

"पोरगी ग्वाड हाय."

"हो," करुणा म्हणाली. पदर खोचून तिनं पोह्यांच्या बशा गोळा केल्या आणि त्या धुवायला मोरीत जाऊन बसली. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला.