हळदीत शिजवलेली पत्ती

पाटलाने माझ्या नवऱ्याच्या तोंडावर दांडा घातला तो उन्हाळा माझ्या डोक्यातून गेलेला नाही, आणि जाऊही नये. लोक म्हणतात, जुनं झालं, सोड आता. काहून सोडू? तोंड तुमचं फुटलं होतं का?

सत्तरच्या पुढची सालं. आमचं गाव वसमतच्या बाजूला. नवरा सनई वाजवायचा, पत्त्या मी करायचे. पत्ती म्हणजे सनईच्या टोकाला बसवतात ती चपटी जिभली. ओठांत धरून फुंकायची. ती नीट नसली तर सनई नुसती बोंबलते. होळी झाली की तो नदीकाठचा बोरू कापून आणायचा. मी कांडी शिजवून दाबायचे, सावलीत वाळवायचे, मग पात्याने तासून इतकी पातळ करायचे की उजेड आरपार दिसावा. त्याचा हात जड, तासायला घेतली की फाडूनच ठेवायचा. "तुमचं काम फुंकायचं, तितकंच करा," म्हणून मी खेकसायचे. तो हसायचा.

कांडी शिजवायची ती हळदीत. ही माझ्या सासूची रीत. हळदीत शिजलेला बोरू किडत नाही आणि उन्हात तडकत नाही. पाटलाची हळद शिजवायला आम्हीच बाया जायचो. कांड्यांची पुरचुंडी दोरीने कढईच्या कानाला बांधून आत सोडायची, आणि हळद उपसायच्या आधी गुपचूप ओढून घ्यायची. सासूने जन्मभर हेच केलं, कुणाच्या बापाला कळलं नाही.

त्या साली दोरी जळून तुटली. पुरचुंडी हळदीबरोबर ढिगावर आली, नेमकी पाटलाच्या पायाशी. त्याच्या घरी लेकीचं लग्न ठरलेलं, यातलीच हळद तिला लागायची होती. त्याने फडकं सोडलं आणि ओळखलं.

"तुमच्या तोंडात घालायची घाण माझ्या हळदीत?"

अरे वा रे शहाण्या! हळद खणली आम्ही, धुतली आम्ही, शिजवली आम्ही. ते हात चालले, बोरू तेवढा बाटला! मी हे त्याला तोंडावर बोलले. तो माझ्या अंगावर धावून आला, तसा कढईखाली जाळ घालायला आलेला नवरा हातातलं सरपण टाकून मध्ये पडला. "मारायचं तर मला मारा, पाटील." पाटलाने ढवळायचा दांडा उचलला आणि बराबर त्याच्या तोंडावर घातला. पडल्यावरही घातला. वरचा ओठ फाटून लोंबला, पुढचे दात मातीत पडले. मी कढईतली उकळती हळद झाऱ्याने उचलून फेकली. पाटलाची पोटरी सोलून निघाली. मग गड्यांनी मला केस धरून पाडलं आणि लाथा घातल्या. लाथा खाता खाता मी ती पुरचुंडी पोटाखाली दाबून धरली होती.

हिंगोलीच्या दवाखान्यात ओठ शिवला. जेवाल, बोलाल, असं डॉक्टर म्हणाले. फुंकायचं कुणी बोललं नाही.

त्या अख्ख्या उन्हाळ्यात मी पत्त्या तासत बसले. झालेली पत्ती तो ओठांत धरायचा. ओठ धरेना. वारा बाजूने फुस्सकन निघून जायचा. मी म्हणायचे, "पत्तीच जाड झाली मेली, दुसरी करते." तो मान हलवायचा. पत्तीत खोट नव्हती, आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

पाटलाच्या लेकीच्या लग्नाला बाहेरगावचा सनईवाला आणला. त्याच्या पत्त्या उन्हाने तडकल्या. पाटलाचा सालगडी धापा टाकत आमच्या दारात आला.

"वैनी, एखादी पत्ती द्या. नवरी बोहल्यावर हुबी हाय, मुहूर्त टळून राहिला."

माझ्या अंगाची आग आग झाली. सगळ्या पत्त्या पाट्यावर ओतल्या, वरवंटा घेतला आणि ठेचायला लागले. "घे! ने! चाटव तुझ्या मालकाला!" नवऱ्याने मनगट धरलं. मी त्याला ढकललं. ज्याने माझ्यावर कधी हात उचलला नव्हता, त्याने माझ्या कानफटात मारली, आणि पाट्यावरची एक साबूत पत्ती उचलली.

"पोरीनं काय केलं?" फाटक्या ओठांनी तो कसाबसा म्हणाला.

पत्ती कुणाला द्यायची तर वाजवणारा ती आपल्या तोंडात ओली करून देतो, कोरडी देत नाही. त्याने ती तोंडात धरली, चांगली भिजवली आणि गड्याच्या हातावर ठेवली. "पाटलाला सांग, माझ्या तोंडातली हाय."

गडी पळाला. पत्ती काही परत आली नाही. थोड्या वेळाने सनई वाजायला लागली. सूर असा स्वच्छ की वस्तीवरची माणसं दारात आली. नवरा उंबऱ्यावर बसला होता, त्याची बोटं गुडघ्यावर सुरासुराला हलत होती. माझा गाल अजून चरचरत होता. रागाने की कशाने कोण जाणे, मला रडू फुटलं. ठेचलेल्या पत्त्या गोळा करत मी म्हटलं, "दुसरी करू का?"

"नगं," तो म्हणाला. "पत्ती चांगलीच व्हती."