रोजची एकादशी

गेल्या वर्षी आईच्या डोक्यात एकादशी बसली, ती उठेचना. सकाळी अंघोळ झाली की म्हणायची, "आज माझा उपास हाय." दुसऱ्या दिवशीही तेच. कालचा उपास तिला आठवतच नसे. हट्टा गावातल्या आमच्या घरात कुणाचा उपास मोडायला लावणं म्हणजे पापच. शिवाय सगळं विसरली तरी आई देवाला विसरली नाही, याचं आम्हाला कौतुक. आणि खरं सांगतो, मला ते सोयीचंही होतं. वाटीभर साबुदाणा, चहा, एक केळं दिलं की मी शेतात जायला मोकळा. तिचे दंड वाळत गेले, नातवाला ती माझ्या नावानं हाक मारू लागली, तरी मी सगळं वयावर ढकलत राहिलो.

शेवटी तिला हिंगोलीला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी आधी विचारलं, "जेवतात काय?" मी सांगितलं. मग ते म्हणाले, विसरण्याच्या आजारात मेंदूत बिघडलेली प्रथिनं साचतात, तशी पेशींना जपणारी प्रथिनंही तिथंच असतात. आहाराचा त्यांच्यावर परिणाम होत असावा. पक्कं अजून कुणी सांगू शकत नाही. "विसरण्याचा आजार असेल तर तो अन्नानं बरा होणार नाही. पण मेंदूला उपाशी ठेवून कसं चालेल?" रक्तात बी-बारा कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झाली. डाळ, दही, पालेभाजी, जवस खाऊ घाला म्हणाले.

घालायचं कसं? आई ताट ढकलून द्यायची. "माझा उपास मोडता व्हय रे?"

युक्ती बायकोला सुचली. "एकादशी मोडायची न्हाई ना? मंग बारस करा की! बारशीला उपास सोडावाच लागतो."

दुसऱ्या दिवशी भाकरी, वरण, मेथी, दही, जवसाची चटणी असं ताट वाढलं. "माय, आज बारस. उपास सोड."

आईनं हात जोडले आणि भाकरी मोडली! आम्ही दोघं दाराआड उभे राहून तिचा घास न् घास बघत होतो.

तेव्हापासून आमच्या घरी रोज बारस. देवाच्या नावानं आईशी खोटं बोलतोय, हे रोज टोचायचं. पण दंड भरू लागले. एकदा तिनं चटणी चाखून विचारलं, "लसूण न्हाई घातला काहून?" मी पळतच स्वयंपाकघरात सांगायला गेलो.

आणि परवा सकाळी मी नेहमीसारखं "आज बारस" म्हटलं, तर आईनं घास हातातच धरला.

"काल बी बारसच म्हनला होतास नं?"

मी दह्याची वाटी उगाच तिच्यापुढं सरकवली.

"लबाड हाय लेकाचा! किती बारशी येतात रे तुह्या पंचांगात?"

तिला काल आठवला होता! खोटेपणा पकडला गेल्याचा इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता. आतून बायकोचं हसू ऐकू आलं. इंजेक्शनानं झालं की वरणानं, की उद्या पुन्हा सगळं पुसलं जाईल, मला ठाऊक नाही.

"मंग आज हाय तरी काय?" आईनं दरडावलं.

"बुधवार," मी म्हणालो. "नुसता बुधवार हाय, माय."

"मंग वरण वाढ की. बघत काय बसलास?"